वीतभर उंच घरगाडी

सहा अंडी, एक वाडगा आणि दोन म्हातारी पोरं. पैज लागायला एवढं पुरतं.

"हे बघा," आमचे कप्तान फाटकावर हात आपटून म्हणाले, "हा अंड्यांचा वाडगा माझ्या घरगाडीतल्या टेबलावर ठेवायचा. कुणी धरायचा नाही. पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. एका अंड्याला जरी तडा गेला, तरी मी हरलो!"

"आणि हरलात तर?" शेजारच्या बँडमास्तरांनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल ते."

"मग समोरच्या चौकात माझ्या ढोलाच्या पेटीवर उभं राहायचं आणि माझ्या घरगाडीचं कौतुक करायचं. मोठ्यानं. मी बास म्हणेपर्यंत. मी हरलो तर मी तुमच्या गाडीचं करीन."

कप्तानांचा चेहरा खर्रकन उतरला. डोक्याचा गोटा कर म्हटलं असतं तर त्यांनी हसत केला असता. पण त्या गाडीचं कौतुक? पण काय करणार, अख्खी गल्ली बघत होती. "मंजूर," ते म्हणाले. "रविवारी सकाळी."

मित्रांनो, हे सगळं मी कप्तानांच्या अंगणात भिंतीला टेकून ऐकत होतो. मी एक जुना पाटा. गाडीच्या मागच्या चाकावर वाकून बसतो, खड्डा आला की दबतो आणि परत उठतो, तो. मला भट्टीत लालबुंद केलं, वाकवलं, तेलात चर्रकन बुडवलं. पट्टीवर पट्टी रचली आणि मधोमध आवळून बांधली. अस्सल पोलाद! कप्तान तेव्हा बस चालवायचे, म्हणून तर कप्तान. बस म्हातारी झाल्यावर त्यांनीच ती विकत घेतली, आत पलंग टाकला, शेगडी बसवली, टेबल ठोकलं आणि तिची घरगाडी केली. "आपला पाटा आहे तोवर काळजी नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. मी फुगून जायचो.

मग खरोखर फुगणाऱ्या बाया आल्या.

बलून! हवेवर चालणारं नवं सस्पेन्शन. मला खाली उतरवलं आणि माझ्या जागी दोन बलूनबाया बसवल्या. काळ्याभोर, गुबगुबीत, रबराच्या. आत काय, तर हवा! नुसती हवा! आणि लोक म्हणणार, "अहाहा, काय मऊ चालते हो!" कप्तान तर त्यांना ओल्या फडक्यानं पुसायचे. मला कधी पुसलंत का हो? माझ्यावर आता पायपुसणी वाळत घालतात. मांजर येऊन पाठ घासून जातं.

जळफळाट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. आणि मी एकटाच जळत नव्हतो. कप्तानही जळत होते.

बँडमास्तरांनी वाजंत्र्यांना घेऊन गावोगाव फिरायला नवी घरगाडी आणली होती. ती कप्तानांच्या गाडीशेजारी उभी राहिली की वीतभर उंच दिसायची. बँडमास्तर काही बोलायचे नाहीत. फक्त आपल्या गाडीच्या टपावरून कप्तानांच्या टपाकडे बघायचे आणि शीळ घालायचे. ती शीळ कप्तानांना जेवू देत नव्हती.

एका दुपारी कप्तान पाना घेऊन गाडीखाली सरपटत गेले. तिथे एक बारीक दांडी असते. गाडी किती उंच ठेवायची ते त्या दांडीवर ठरतं. दांडी लांब केली की बलूनमध्ये जास्त हवा जाते आणि गाडी उचलली जाते. कप्तानांनी दांडीचे नट फिरवले. फुस्स, फुस्स करत गाडी वर आली. ते बाहेर आले, कंबरेवर हात ठेवून त्यांनी दोन्ही टप बघितले, आणि मग त्यांनी शीळ घातली. मला तेव्हा वाटलं, नुसते नट आवळत असतील. आमच्यात असल्या दांड्याबिंड्या नव्हत्या. आणि कप्तानांना वाटलं, जास्त हवा म्हणजे जास्त मऊ. पैज मारली ती याच तोऱ्यात.

आता आक्काचं सांगतो, कारण खरा घोर तिचाच होता. आक्का म्हणजे कप्तानांची थोरली बहीण. तिच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. तिच्या मुलीला लांबच्या गावी बाळ झालं होतं आणि आक्कानं नातवाचं तोंड अजून बघितलं नव्हतं. बसून प्रवास तिला जमत नव्हता. पलंगावर आडवं पडून जाता येईल अशी गाडी हवी होती. "मी नेतो ना तुला! माझी गाडी कशाला आहे?" असं कप्तानांनी छाती ठोकून सांगितलं होतं. सोमवारी निघायचं ठरलं होतं.

पैज लागली त्याच संध्याकाळी ते आक्काला पलंगावर झोपवून टाकीपर्यंत चक्कर मारून आले. गाडी फाटकातून आत आली तेव्हा आक्काचा आवाज आधी आला.

"थांबव रे मेल्या! पाठीचं खोबरं झालं माझ्या! ही गाडी आहे की उखळ?"

"आक्का, रस्ता खराब आहे गं."

"रस्ता तोच आहे. काल बँडमास्तरांच्या गाडीतून याच रस्त्यानं दवाखान्यात गेले. झोप लागली मला, झोप! मी सोमवारी त्यांच्याच गाडीतून जाते."

कप्तानांना कुणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी मात्र खूश! बलूनबायांची फजिती! आता त्यांना काढणार आणि मला परत बसवणार. माझ्या तर पट्टीपट्टीत गुदगुल्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी गॅरेजवाली ताई आली. तोंडानं फटकळ बाई. हातात पाना, डोक्याला फडकं.

"टायरात हवा किती भरलीत, कप्तान?"

"टायरवर लिहिलीय तेवढी. पुरेपूर."

"अहो, ती जास्तीत जास्त किती चालेल ते लिहिलेलं असतं! पातेल्यात पाच लिटर मावतं म्हणून तुम्ही चहा पाच लिटर करता का?"

तिनं टायरमधली हवा गाडीच्या वजनाप्रमाणे कमी केली. आक्काला घेऊन परत चक्कर. आक्का म्हणाली, "बारीक खडखड गेली. दणका आहे तसाच आहे."

मग ताईनं बलूनवर साबणाचं पाणी मारलं. मी श्वास रोखून बघत होतो. येऊ दे, एक तरी बुडबुडा येऊ दे! नाही आला. बाया ठणठणीत. मेल्या!

"आक्का, दणका कधी बसतो? गाडी वर चढताना की खाली जाताना?"

आक्का डोळे मिटून आठवत म्हणाली, "चाक खड्ड्यात जातं ना, तेव्हा. कुणीतरी खालून वेणी खेचल्यासारखं होतं बघ."

"वेणी!" ताईनं चुटकी वाजवली आणि गाडीखाली शिरली. आतून तिचं हसणं ऐकू आलं. "कप्तान, या बघायला. हा शॉकअप, झटका खाणारा नळा. झाडाला लोंबकळणाऱ्या माणसासारखा ताणलाय. याला आणखी खाली जायला जागाच नाही. चाक खड्ड्यात पडतं, हा अडतो, आणि झटका थेट आक्काच्या पाठीत! गाडी वीतभर जास्त उंच उभी आहे. ही दांडी कुणी वाढवली?"

कप्तान आभाळाकडे बघायला लागले.

"उंदरानं वाढवली असेल," आक्का म्हणाली. "पाना घेऊन फिरणारा."

ताईनं दांडी होती तशी केली. गाडी हळूहळू खाली बसली. या वेळी चक्कर मारून आल्यावर आक्का पलंगावरून उठेचना. "राहू दे रे, छान डुलकी लागली होती," म्हणाली. "आता तुझ्याच गाडीनं जाते." कप्तानांचे डोळे भरून आले. मी माझ्या जागी, भिंतीपाशी, पायपुसण्याखाली. बलूनबायांना परत ओलं फडकं!

रविवार उजाडला. गल्ली जमायच्या आधीच बँडमास्तर दात घासत बाहेर आले. त्यांनी कप्तानांच्या टपाकडे बघितलं आणि तोंडात ब्रश असतानाच शीळ घातली.

"बसली वाटतं गाडी?"

बास! बँडमास्तर आत गेले आणि कप्तान गाडीखाली गेले. मी बघत होतो. ते पुटपुटत होते, "बोटभरच. बोटभरानं काय होतंय." बोटभराची चार बोटं झाली. चार बोटांची वीत झाली.

सगळे जमले. वाडगा टेबलावर ठेवला. आक्का पंच म्हणून आत पलंगावर आडवी झाली. गाडी निघाली, टाकीकडे वळली, दिसेनाशी झाली. परत आली ती धाडधाड आवाज करत. दार उघडलं. आक्का एका हातानं पाठ धरून उतरली. तिच्या साडीवर सहाही अंड्यांचा बलक ओघळत होता.

ताईनं नुसतं खाली वाकून बघितलं. "दांडी," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. आक्का एवढंच म्हणाली, "बँडमास्तर, उद्या सकाळी तुमची गाडी मिळेल ना?"

"मिळेल, आक्का."

पेटी चौकात आली. कप्तान वर चढले. बँडमास्तरांनी ढोल गळ्यात घेतला.

"या गाडीचा रंग," कप्तान म्हणाले, "बरा आहे."

"बरा?"

"चांगला आहे!" ढुम! "दार आवाज न करता लागतं." ढुम! "उंच आहे. माझ्या गाडीपेक्षा उंच आहे." ढुम, ढुम! गल्लीत हशा पिकला. कप्तानांनी आक्काकडे बघितलं. ती पाठीवर हात ठेवून भिंतीला टेकली होती, माझ्यासारखीच. "आणि हिच्यातून माझी आक्का नातवाला बघायला जाईल. तिला कळ येणार नाही. माझ्या गाडीत आली. मी आणली."

ढोल वाजला नाही.

मित्रांनो, तेव्हा मलाही वाटलं, आपणही एकदा तोंड उघडावं. म्हणून सांगतो. त्या बलूनबाया चांगल्या आहेत. त्यांनी आक्काला फुलासारखं नेलं असतं, त्यांना नेऊ दिलं नाही. तुमच्या गाडीत कुणाची पाठ टेकलीय ते आधी बघा, शेजारचा टप मग बघा. आणि अंगणात एखादा पाटा पडलेला दिसला, तर त्यालाही कधीतरी फडकं मारा. ओलं नको. गंज चढतो.

"बास झालं, कप्तान," बँडमास्तर हळूच म्हणाले. "उतरा खाली."

"थांबा हो," कप्तान नाक पुसत म्हणाले. "अजून आरशांचं राहिलंय."