क्लोरीनच्या खोलीतला कागद

क्लोरीन गळू लागला तर काय करायचं, हे सांगणारा कागद नव्याने लिहायचं काम फरगाण्याच्या पाणीखात्यात हिलोलाकडे आलं. जुना कागद अकरा पंपघरांच्या भिंतींवर चार वर्षं लटकत होता. जवळच्या पंपघरात तिने तो खात्यातल्या जुन्या कामगाराच्या, एर्गाशआकांच्या, हातात दिला.

"आका, भोंगा वाजलाय असं समजा. वाचत जा आणि तसंच करत जा."

"भोंगा वाजताच पंखा लावून, आत जाऊन टाकीची झडप बंद करावी..." वाचता वाचता आकांनी बटण दाबलं, दार उघडलं, आत पाय टाकला. मग पुढची ओळ आली. "हे करताना वायुरोधक मुखवटा घातलेला असावा."

मुखवटा बाहेर खिळ्याला होता.

"पोरी, मी तर मेलो की गं!" म्हातारा हसला. हिलोलाला हसू आलं नाही.

दुपारपर्यंत तिचा मसुदा झाला. एका ओळीत एकच काम, आणि मुखवटा सगळ्यात आधी. आका जिथे अडखळले, तिथला शब्द तिने बदलला.

खात्याचे प्रमुख कामोलोव साहेबांनी तो न वाचताच बाजूला सारला.

"समिती पुढच्या महिन्यात बसेल. तोवर जुनाच."

"साहेब, त्यात मुखवटा शेवटी आहे."

"चार वर्षांत मेलं का कुणी? उगाच डोकं नका खाऊ."

सकाळी ती शिक्क्याविनाच प्रती घेऊन आकांच्या गाडीतून निघाली. दोन पंपघरांतले कागद बदलले. तिसऱ्याचा भोंगा जर्दाळूच्या बागेपासूनच ऐकू येत होता. तिथला कामगार बोतिर उंबऱ्यावर पालथा पडला होता. पंखा फिरत होता, मुखवटा खिळ्यालाच होता. आकांनी तो चढवला, बोतिरला ओढून बाहेर काढलं, आणि झडप बंद केली.

बोतिर वाचला. इस्पितळात साहेब येताच तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "साहेब, अगदी कागदाप्रमाणे केलं हो. कालच आलेली टाकी गळत होती..." पुढे खोकल्याने बोलू दिलं नाही.

कामोलोवांनी व्हरांड्यातल्या खिडकीवरच नव्या प्रतींवर शिक्के मारले.

"काल टाक्या आणखी कुठे उतरवल्या?" हिलोलाने विचारलं.

"सगळीकडे."

उरलेल्या आठ पंपघरांना तिने फोन लावले. सातांनी उचलले. आठव्याची घंटा नुसतीच वाजत राहिली. आका गाडीची किल्ली घेऊन केव्हाच जिन्याकडे धावले होते.