जावयाची बोट

हिरामणला आपला जावई आवडत नसे, आणि हे अंबरनाथ पूर्वेच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये एक जावई सोडून सगळ्यांना माहीत होतं. दिनानाथची समजूत अशी, की सासरा आपल्यापुढे कमी बोलतो तो मानापोटी. हिरामण कमी बोलायचा, कारण एकदा तोंड उघडलं की काय बाहेर पडेल याचा त्याला स्वतःलाच भरवसा नव्हता.

दिनानाथ आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत विक्रीचं काम बघायचा. हुद्दा बेताचा, पण चाल साहेबाची. बदलापूरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता, तर त्याच्या दारावर नाव आणि नावाखाली डिग्री लिहिली होती. पोस्टमनशीसुद्धा तो इंग्रजीत बोलायचा आणि पोस्टमन त्याला मराठीत उत्तर द्यायचा.

सत्त्याण्णव सालच्या मार्चमधल्या एका रविवारी तो विशाखाला आणि दोन्ही पोरांना घेऊन आला, पंख्याखालची खुर्ची पकडून बसला आणि म्हणाला, "बाबा, या मे महिन्यात आम्ही क्रूझवर जातोय."

कौसाबाईला वाटलं, हे एखाद्या गावाचं नाव असावं. "कुठंशी आलं ते?"

"गाव नाही हो आई. बोट असते मोठी. सिंगापूरहून सुटते. बोटीवरच राहायचं, खायचं, शो बघायचे, आणि समुद्रात फिरून परत सिंगापूरला यायचं."

"म्हंजे जायचं कुठंच नाही?"

लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण बायको इतकी अक्कलवान आहे हे हिरामणला त्या दिवशी नव्यानं कळलं.

दिनानाथला कुठं जायचं नव्हतंच. त्याचा साहेब आदल्या वर्षी जाऊन आला होता आणि ऑफिसात त्यानं सगळ्यांना व्हिडिओ कॅसेट दाखवली होती. साहेब डेकवर, साहेबीण डेकवर, हातात छोटी कागदी छत्री खोचलेला ग्लास. त्या दिवसापासून दिनानाथच्या पोटात क्रूझ शिरली होती. मित्रा सहा वर्षांची आणि निकेश तीनचा. या दोघांना समुद्रावर काय पाहिजे, काय झेपेल, याचा विचार त्याच्या डोक्याला शिवलासुद्धा नव्हता. कंपनीत टेम्पो लावणारा बाळाजी नावाचा बदलापूरचा शेठ होता. जमिनी बिल्डरला विकून नव्यानं शेठ झालेला. तोही बायकोपोरांसकट सोबत येणार होता.

"बाळाजीशेठना मी सांगितलंय, आमचे सासरे बोटीवर ऑफिसर होते. बोट निवडायला तुम्हीच यायचं," दिनानाथ म्हणाला.

विशाखा पोराच्या बुटाची नाडी बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

ऑफिसर. हिरामणनं बारा वर्षं बोटीवर काढली होती, पण पाण्याच्या पातळीला लागून असलेल्या लाँड्रीत. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ आणि ऑफिसरांचे पांढरे शर्ट. एकोणनव्वदला विशाखाचं स्थळ जमवताना मध्यस्थ हरिचंद्रानं "मुलीचे वडील बोटीवर ऑफिसर" असं ठोकून दिलं होतं. पुरावा म्हणून कौसाबाईनं पाठवलेला फोटोही होता, पांढऱ्या कडक कपड्यांतला. तसले कपडे लाँड्रीवाल्यांनाही वर्षातून एकदा, कंपनीचा मालक बोटीवर यायचा तेव्हा, घालायला मिळायचे. हिरामणला पत्रातून हे कळलं तेव्हा तो कुठल्याशा बंदरात होता. त्यानं उलट काही कळवलं नाही. पुढं सुट्टीवर आला, लग्न लागलं, जावयानं पाया पडून "सर" म्हटलं, तेव्हाही तो काही बोलला नाही. खोटं दुसऱ्यानं पेरलं होतं, पण पाणी त्यानं घातलं होतं. जावयाचा त्याला जो तिटकारा यायचा, त्यात थोडा स्वतःचाही होता.

पुढच्या रविवारी सगळे उल्हासनगरला गेले. कॅम्प दोनमध्ये कापडाच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर जेठानंद नावाच्या एजंटचं ऑफिस होतं. बाळाजी आपल्या सुमोतून आधीच येऊन बसला होता. गळ्यात बोटभर जाडीची चेन, अंगाला अत्तर एवढं, की जिन्यातच कळावं. त्याची बायको गोदू आली नव्हती. तिला विचारायचं असतं हे बाळाजीच्या गावी नव्हतं.

जेठानंदनं आल्या आल्या पापड आणि पाणी पुढं केलं. "आओ साईं, आओ. कॅप्टनसाहेब कौनसे?"

दिनानाथनं अभिमानानं सासऱ्याकडे हात केला. ऑफिसरचा कॅप्टन झाला होता. आठवड्यात बढती मिळाली, हिरामणच्या मनात आलं.

जेठानंदनं टेबलावर दोन चकचकीत पुस्तिका ठेवल्या. एक मोठी नवी बोट होती, दोन रात्रींची. दुसरी होती 'ओरिएंट ज्युबिली'. चार रात्री, भाव जवळजवळ तोच.

"दो रात की बजाय चार रात," जेठानंद म्हणाला. "कॅसिनो है, डिस्को है, इंडियन खाना है. बच्चा लोग नीचे केबिन में सो जायेंगे, आप ऊपर मजा करो."

"बच्चे नीचे, मजा ऊपर," बाळाजी खूश होऊन म्हणाला. "काका, हीच घेऊ ना? आपल्याला बोटीतलं काय कळतंय? तुमी सांगाल ती."

पण त्यानं ठरवून टाकलं होतं, दिनानाथनंही. कॅप्टनसाहेबांनी फक्त मान हलवायची होती. हिरामणला दोघांकडे बघून खालच्या डेकवरचे दिवस आठवले. असलेच लोक वर असायचे. तीन वर्षांच्या पोराला कुलूपबंद केबिनमध्ये ठेवून नाचायचे, आणि सकाळी ओकारीनं भरलेल्या चादरी खाली यायच्या. चादरीवरून माणूस कळतो, असं तो लाँड्रीत म्हणायचा. या दोघांच्या चादरी त्याला आत्ताच दिसत होत्या.

त्यानं पुस्तिका जवळ ओढली. आतल्या पानावर बोटीचा बाजूनं काढलेला मोठा फोटो होता. पांढरीशुभ्र, निळा पट्टा, धुराड्यावर सोनेरी फूल. हिरामणनं चष्मा लावला आणि खालच्या डेकच्या गोल खिडक्या मागच्या टोकापासून मोजायला लागला. पाच खिडक्या झाल्या. मग दोन नव्हत्या. तिथं नुसताच पत्रा होता, वरून रंग फासलेला. मग पुन्हा ओळ सुरू होत होती. त्यानं परत मोजलं.

त्यानं चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा मोजलं.

"बाबा?" विशाखा म्हणाली. निकेश तिच्या मांडीवर पापड चघळत होता.

"ही आमची बोट आहे," हिरामण म्हणाला.

"तुमची कशी? ही तर ओरिएंट ज्युबिली आहे," दिनानाथ हसून म्हणाला.

"आता असेल. तेव्हा सांता ऑर्सोला होती. या दोन खिडक्या बघा. नाहीत ना? त्या मी असताना पत्रा ठोकून बंद केल्या. शहाऐंशी साली. तिथं लाँड्री होती, ती जळली."

जेठानंदनं पुस्तिका हळूच आपल्याकडे सरकवली. "साईं, पुरानी बात होगी. अब तो पूरी नयी हो गयी है."

"रंग नवा आहे."

"पण बाबा, लाँड्रीतलं तुम्हाला काय माहीत? तुम्ही तर वर ब्रिजवर, कॅप्टनशेजारी..." दिनानाथ म्हणाला.

हिरामणनं त्याच्याकडे पाहिलं. त्या गुळगुळीत चेहऱ्यावर जी काळजी होती ती पोरांची नव्हती. बाळाजीशेठपुढं आपलं काय होईल, एवढीच होती. मग सांगणं हिरामणला एकदम सोपं झालं.

"मी ऑफिसर नव्हतो. लाँड्रीत होतो. बारा वर्षं लोकांच्या चादरी धुतल्या."

बाळाजी मोठ्यानं हसला. "घ्या. कॅप्टनचा धोबी झाला की राव."

"आमच्यात सोमा म्हणून होता, गुहागरकडचा," हिरामण हसण्याकडे लक्ष न देता विशाखाला सांगू लागला. "माझ्या खालच्या बर्थवर झोपायचा. कपडे वाळवायच्या मशिनीत धाग्यांचा भुगा साठायचा. तो काढायला माणूस द्या म्हणून आम्ही दोनदा लिहून दिलं होतं. त्या दिवशी भुग्यानं पेट घेतला. मी जेवायला गेलो होतो. आलो तर पॅसेजमध्ये धूर, आणि लाँड्रीचा दरवाजा अडकलेला. आग विझवायचा पाइप ओढला, तर त्याला पाणी नाही. आतून सोमा दार वाजवत होता. मग वाजवायचा थांबला. वर पॅसेंजरांना सांगितलं, किचनमध्ये पाव करपलाय. बँड चालूच होता."

"आणि मग तुम्ही सोडली बोट?" विशाखानं विचारलं.

हिरामणला खोटं बोलता आलं असतं. "नाही. आणखी पाच वर्षं केली. खिडक्यांवर पत्रा मारला, नवी मशीन आणली, पाइप तोच ठेवला. मी त्याच पॅसेजमधून रोज जात होतो. तुझं लग्न व्हायचं होतं, मग त्याचं कर्ज फिटायचं होतं."

दिनानाथचा चेहरा काळवंडला होता, पण सोमाचं त्याला काहीच नव्हतं. "हे सगळं इथं काढायची गरज होती का?" तो दबक्या आवाजात म्हणाला. "आठ वर्षं आम्हाला फसवलंत. माझ्या वडिलांनी चार लोकांत सांगितलंय."

"सांगितलं असेल. तुम्ही चारशे लोकांत सांगितलंत."

"दिनानाथभाऊ, सोडा ना," बाळाजी म्हणाला. "अकरा वर्षांपूर्वीची आग. आमच्या टेम्पोला तर दर वर्षी लागते. जेठानंदशेठ, माझी चार तिकिटं याच बोटीची लिवा. चार रात्री."

"चार माझीही," दिनानाथ म्हणाला. मागं हटला तर धोब्याचा जावई ठरेल, अशी भीती त्याला वाटली असावी.

विशाखानं निकेशला खाली उतरवलं. नवऱ्याच्या शब्दावर ती सहसा बोलत नसे. सासरा ऑफिसर असल्याचं नवरा लोकांना सांगायचा तेव्हाही ती गप्प राहिली होती, आणि खरं काय ते तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं जेठानंदपुढची नव्या बोटीची पुस्तिका उचलून बापासमोर ठेवली.

"बाबा, पोरांना घेऊन पहिल्यांदाच जायचं असेल तर काय बघायचं?"

हिरामणनं जावयाकडे बघायचं टाळलं आणि एजंटला एकेक विचारू लागला. बोट सुटायच्या आधी लोकांना गोळा करून, काही झालं तर कुठं जमायचं ते दाखवतात का? केबिन मधल्या डेकवर आणि बोटीच्या मध्यावर मिळेल का, म्हणजे डुलणं कमी लागतं? इंजिनाच्या वरची देत नाही ना? मुलांसाठी वेगळी खोली आणि तिथं सांभाळणारी बाई आहे का? तिखट नसलेला भात रात्री उशिरा मिळेल का? जेठानंद अर्ध्या प्रश्नांना फोन लावून उत्तरं देत होता. त्याच्या आवाजातली साखर कमी कमी होत गेली, पण उत्तरं खरी वाटायला लागली.

"रात्री किती?" विशाखानं विचारलं.

"दोन पुष्कळ झाल्या. पोरं पहिली रात्र ओकणार, दुसऱ्या दिवशी खेळणार. तिसऱ्या दिवशी घरी जायचं म्हणून रडणार. तेवढी वेळ कशाला येऊ द्यायची?"

"ही घ्या," विशाखा जेठानंदला म्हणाली. "आमची चार."

"मी चार रात्रींची सांगितलीय," दिनानाथ म्हणाला.

"तुम्ही त्या बोटीनं जा बाळाजीशेठबरोबर. पोरं माझ्याबरोबर येतील."

एवढं बोलून ती शांतपणे पापडाचे कण पोराच्या शर्टावरून झटकू लागली. एकट्यानं जाऊन दिनानाथ कॅसेट कुणाची काढणार होता? त्यानं रागानं सही केली आणि जिना उतरताना सासऱ्याच्या पुढं चालला. आठ वर्षांत हे पहिल्यांदाच झालं. तो पुढं असला की निदान तोंड दिसत नाही, हा फायदा हिरामणच्या लगेच ध्यानात आला.

त्यानंतर दिनानाथनं सासऱ्याच्या दारात पाऊल ठेवलं नाही. विशाखा एकटी पोरांना घेऊन यायची. मेमध्ये ते जाऊन आले. निकेश पहिली रात्र ओकला. त्याच्या बहिणीला मुलांच्या खोलीत एक चिनी मैत्रीण मिळाली, आणि दोघी एकमेकींचा एक शब्दही न कळता दोन दिवस बोलत होत्या.

बाळाजीचं कुटुंबही सुखरूप परत आलं.

ही बातमी दिनानाथनं मुद्दाम फोन करून सांगितली. "तुमची बोट बुडाली नाही बाबा. चार रात्री मजेत झाल्या त्यांच्या. उगाच घाबरवलंत." आणि फोन ठेवला.

हिरामण फोनपाशी उभा राहिला. आपल्याला वाईट वाटतंय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ते कशाचं, हेही. कुठंतरी मनाच्या तळाशी तो काहीतरी व्हायची वाट बघत होता. धूर, निदान धूर तरी. त्या बोटीवर बाळाजीची दोन पोरं होती, आणि हा म्हातारा स्वतःचं खरं ठरावं म्हणून बसून होता. दिनानाथचा त्याला आजवर कधी एवढा तिटकारा आला नव्हता, जेवढा त्या घटकेला स्वतःचा आला.

जूनमध्ये बाजारात त्याला बाळाजी आणि गोदू भेटले, सोबत त्यांची पोरगीही होती. बाळाजीनं हाक मारून थांबवलं. "काय काका, धोबीघाट कसा काय? अवो, तुमच्या बोटीवर लय धमाल. एका दुपारी तर भोंगा वाजवला आणि सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून वर उभं केलं, तासभर. बोलले, प्रॅक्टिस हाय. माझी पोरगी तर जाकिटात दिसेचना, नुसते पाय."

तो स्वतःच हसत होता. गोदू हसत नव्हती.

"पोरांची जाकिटं वेगळी नव्हती?" हिरामणनं तिला विचारलं.

"नाय. मोठ्यांचीच दिली. सारखी डोक्यावरनं निघायची. मी हातानं धरून उभी होती. कुनी सांगायला पन नव्हता," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे बघून हळूच म्हणाली, "हे बोलतात पुढच्या साली परत जायाचं."

तासभर. भर प्रवासात, भर दुपारी. एवढी लांब प्रॅक्टिस हिरामणनं बारा वर्षांत पाहिली नव्हती. ते बाळाजीला सांगून उपयोग नव्हता. चेन विकून अक्कल मिळाली असती तरी त्यानं आणखी एक चेनच घेतली असती.

हिरामणनं भाजीची पिशवी खाली ठेवली. "ओढणी आहे ना? दे इकडे," तो गोदूला म्हणाला. त्यानं गोदूच्या पोरीला जवळ उभं केलं आणि ओढणीचं टोक तिच्या दोन पायांमधून घेऊन कमरेशी, पुढच्या बाजूला, पक्की गाठ मारली. "जाकीट मोठं असलं की हे असं मागून-पुढून जाकिटालाच बांधायचं. मग पाण्यातही वर सरकत नाही. आता तू मारून दाखव."

गोदू बाजाराच्या मधोमध गुडघे टेकून बसली. पहिल्यांदा तिची गाठ सुटली. बाळाजी सुमोत जाऊन बसला होता आणि हॉर्न वाजवत होता.

"वाजवू दे," हिरामण म्हणाला. "पुन्हा मार."