मेढीतलं बिऱ्हाड

लग्नघरात एखाद्याचं चित्त थाऱ्यावर नसेल तर ते नवरदेवाचं असावं, अशी आपली साधारण अपेक्षा असते. कोन गावातल्या या घरात मात्र नवरदेव केतन खाटेवर लोळून मोबाइलवर रील बघत होता, आणि जीव टांगणीला लागला होता त्याच्या बहिणीचा. तोही एका उंदरासाठी.

मनस्वी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. वर्षभर तिने घरामागच्या बांबूच्या बेटात राहणाऱ्या झाडउंदराचा पिच्छा पुरवला होता. कोठारातला घूस-उंदीर तो हा नव्हे, बरं का. अंगठ्याहून थोडा मोठा, विटकरी पाठीचा, पांढऱ्या पोटाचा, आणि शेपूट अंगापेक्षा लांब. खाणं अगदी सोवळ्यातलं: कोवळे कोंब, उंबरं, शेवग्याच्या कळ्या. राहायला बांबूच्या पेरातली पोकळी. पेराला एक गोल भोक पाडलं, आत गवताचा गोळा कोंबला, की झाला संसार. पूर्वी ही जात मागच्या डोंगरापर्यंत पसरलेली असणार. मग मधे एक्सप्रेस वे आला, गोदामं आली, टॉवर आले, आणि त्यांच्या वाट्याला उरलं काय, तर हे बांबूचं बेट, बेटाला टेकलेला उंबर आणि उंबराला टेकलेला शेवगा. एवढाच मुलूख. फांदीवरून फांदीवर जायचं आणि आयुष्य काढायचं. ‘हा प्राणी जमिनीवर उतरत नाही’ असं मनस्वीने आपल्या प्रबंधात ठणकावून लिहिलं होतं.

घरच्यांनी या संशोधनापुढे केव्हाच हात टेकले होते. “लोकं उंदराला औषध घालतात, आमची पोरगी त्यांची बाळंतपणं बगतं,” असं तिची आई मालू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना हसायची, पण सांगायची मात्र प्रत्येकाला.

आणि खरंच बाळंतपण झालं होतं. गेल्या आठवड्यात एका पेरात मनस्वीला पिल्लं दिसली, शेंगदाण्याएवढी, गुलाबी, डोळे मिटलेली चार पिल्लं. ती अक्षरशः नाचली. इतके दिवस तिच्या मार्गदर्शक रेचल पेणकर मॅडम एकच प्रश्न विचारत होत्या, की हे उंदीर इथे नांदतात की नुसते कुठून तरी येऊन अडकलेत? आता उत्तर मिळालं होतं. पिल्लं वाढून बाहेर पडेपर्यंत नोंद ठेवायची, एवढंच बाकी होतं.

तो बांबू ओळखू यावा म्हणून तिने आधी प्लास्टिकची पट्टी बांधली होती. आईउंदरीने ती कुरतडून थेट घरट्यात नेली. मॅडम फोनवर कडाडल्या, “प्लास्टिक कशाला बांधलंस? पिल्लांच्या पायात अडकलं तर? सुती काहीतरी बांध.” मनस्वीने देवाच्या फळीवरून लाल-पिवळा नाडा उचलला आणि त्या बांबूला दोन गाठी मारून मोकळी झाली. त्या क्षणी तिच्या डोक्यात फक्त सूत होतं. शिकलेल्या माणसाचं असं होतं कधी कधी.

कारण या घरात लग्नाची मेढ घरच्याच बेटातली लागते. मांडवाचा हा पहिला खांब. मुहूर्तावर तो अंगणात पुरतात, त्याला हळदकुंकू लावतात, आंब्या-उंबराचे डहाळे बांधतात, आणि लग्न पार पडेपर्यंत त्याला हलवत नाहीत. हलवली मेढ तर संसार हलतो, असं म्हातारी माणसं सांगतात, आणि तरुण माणसं हसतात पण मेढीला धक्का लागू देत नाहीत. कुठला बांबू तोडायचा हे घरातली कर्ती बाई ठरवते. आदल्या दिवशी जाऊन ती निवडलेल्या बांबूला नाडा बांधते. पहाटे पुरुष जातात, नाडा बघतात आणि काही न विचारता कोयता घालतात.

मनस्वीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. ठाऊक असूनही सुचलं नाही, ही गोष्ट तिला पुढे फार छळणार होती.

हळदीच्या दिवशी सकाळी ती कॉलेजमध्ये एक कागद देऊन रिक्षाने पनवेलहून परत आली, तेव्हा अंगणात मेढ उभी होती. हळदीने पिवळीजर्द, डोक्यावर आंब्याचे हिरवेगार डहाळे. तिने कौतुकाने बघितलं. मग तिला नाडा दिसला. मग नाड्याच्या वर, छातीएवढ्या उंचीवर, हळदीने अर्धवट लिंपलेलं गोल भोक दिसलं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. “काका!” ती अशी ओरडली की भटजींच्या हातून सुपारी पडली.

इंद्रजीतकाका पाण्याच्या ड्रमपाशी होते. “काय झाला गो?”

“तुम्ही म्हणाला होतात ना, बेटाच्या माझ्या बाजूला कोयता लावणार नाही?”

“मी कशाला लावतंय? पन वयनीनं नाडाच तकडं बांधलावता. वयनीनं बांधला म्हंजे इचार करूनच बांधला असंल. मंग मी कोन इचारनारा?”

“मी कवा बांधला?” मालू तांदळाचं सूप हातात घेऊन बाहेर आली. “मना बेटात जायाला टाइम तरी गावला का? मी म्हनलं, भाऊजींनीच बगितला आसंल एकादा.”

दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि मग दोघांनी मिळून मनस्वीकडे बघितलं.

“मी बांधला,” मनस्वी म्हणाली. “खूण म्हणून. आत पिल्लं आहेत, आई.”

तिने भोकाला कान लावला. आतून अगदी बारीक, किडा चिरकावा तसा आवाज येत होता. जिवंत होती. पण आई कुठे होती? कोयत्याचा पहिला घाव बसल्याबरोबर ती वरच्या वर पळाली असणार, बेटात. बेट मेढीपासून चांगलं अंगणभर लांब. मधे उघडी जमीन, खुर्च्या, चपला, पोरं, हळदीला आलेल्या बायका. आणि ही तर जमिनीवर उतरत नाही.

“मेढ उचलून बेटाला टेकवू या,” मनस्वी म्हणाली. “संध्याकाळपर्यंत. नंतर परत लावू.”

“येडी झालीस का?” मालूचा आवाज एकदम चढला. “पुरलेली मेढ उचलायची? भावाच्या लग्नात? लोकं काय म्हनतील, आन पोरीकडची मानसं काय म्हनतील? उद्या काय इपरीत झाला तं जलमभर माझ्या डोक्यावर.”

“मग पिल्लं मरू देत?”

“मी असा बोलले का?” मालू म्हणाली आणि सूप घेऊन तरातरा आत गेली. पण आत जाऊन ती नुसतीच उभी राहिली हे मनस्वीला खिडकीतून दिसलं. सुपातल्या तांदळाकडे तिचं लक्ष नव्हतं.

मनस्वीने मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “हाताने काढू नकोस,” मग त्या म्हणाल्या. “काढून ठेवणार कुठे? तू काही त्यांना दूध पाजू शकत नाहीस. आई अंधार पडायला लागला की शोधायला निघेल. तिला रस्ता करून दे. उंचावरून.”

उंचावरून रस्ता. मनस्वीने काथ्याचा दोर घेतला, शिडी लावली, आणि बेटातल्या आडव्या बांबूपासून मेढीच्या भोकापर्यंत दोर ताणून बांधला. कुणी विचारलं तर तोरण आहे म्हणायचं. विचारलं सगळ्यांनी. ती सगळ्यांना तोरण म्हणाली, आणि खोटं वाटू नये म्हणून तिने त्यावर आंब्याची पानंही ओवली. वर चढताना पाय घसरून ढोपर सोलवटलं. तिला कळलंही नाही.

दुपार काही केल्या सरेना. ती जेवायला बसली आणि उठली. मेहंदीसाठी हात पुढे केला आणि मागे घेतला. दर थोड्या वेळाने मेढीला कान लावून येत होती. मावशा म्हणाल्या, पोर भावावर किती माया करते बघ, मेढीपासून हलत नाही. केतन एकदा उठून आला, “काय म्हणतंय तुझं बिऱ्हाड?” म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून गुपचूप परत गेला. दुपारी चारही पिल्लांचे आवाज येतायत असं वाटत होतं. नंतर नंतर तिला मोजता येईना. आवाज मंदावत होता.

ऊन उतरायला लागलं आणि डीजेचा टेम्पो आला. त्याच्यामागोमाग डेकोरेशनवाला आला, आणि त्या शहाण्याने आयता ताणलेला दोर बघून त्यावर टोकापासून टोकापर्यंत लाइटची माळ गुंडाळली. मनस्वी मागच्या दारी होती. ती पुढे येईपर्यंत लाल, हिरवी, निळी उघडझाप सुरू झाली होती.

“काढ ते!”

“ताई, काकांनी सांगितलं. मस्त दिसतंय.”

ती माळ सोडवू लागली तशी माळ आणि पानं आणि दोर यांचा असा काही गुंता झाला की डेकोरेशनवाल्याने कपाळाला हात लावला आणि माळेची पिन काढून टाकली. तिन्हीसांज झाली. बेटात काळोख साठायला लागला. मनस्वी शिडीवर बसून दोराकडे बघत राहिली. दोर हलत नव्हता. तिला रडू फुटलं. कुणाचा राग करावा हेही कळेना, कारण सगळ्याच्या मुळाशी तिनेच मारलेल्या दोन गाठी होत्या.

“मने,” खालून मालूचा आवाज आला. अगदी हळू. “वर काय बगतेस? खाली बग.”

बेटाच्या बुंध्याशी, अंगणाच्या कडेला, विटकरी रंगाचं काहीतरी बसलं होतं. शेपूट मातीवर लांबलचक पडलेली. नाक थरथरत होतं. ती दोन पावलं पुढे आली, थांबली, परत मागे पळाली. पुन्हा आली. जिच्या पायांना जन्मात कधी सपाट जमीन ठाऊक नव्हती, ती आता चपलांच्या ढिगाशेजारी उभी होती.

तेवढ्यात चार-पाच पोरं ओरडत अंगणातून धावली आणि ती दिसेनाशी झाली.

मालू पुढे झाली. तिने हातातलं हळदीचं ताट खाली ठेवलं, पदर खोचला, आणि बेटापासून मेढीपर्यंत रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या, वेड्यावाकड्या, भराभर.

“इथनं कोनी जायाचं नाय!” ती गरजली. “मेढीची वाट हाय ही. पोरं आवरा आपापली. आन तो डीजे, मी सांगल्याबिगर वाजवायचा नाय.”

“वयनी, आसली रीत कवा होती?” इंद्रजीतकाका म्हणाले.

“माज्या सासूनं सांगतलेली हाय. तुमी लहान व्हता तवा.”

सासूचं नाव निघाल्यावर त्या घरात पुढे कोणी बोलत नाही. बायकांनी खुर्च्या मागे ओढल्या. एका मावशीने तर रेघेला नमस्कारही केला. मनस्वी शिडीवरून उतरली आणि आईच्या शेजारी मातीत बसली. दोघी नुसत्या बघत राहिल्या.

ती आली. दोन रेघांच्या मधून, अंग चोरून, थांबत थांबत आणि मग एकदम सुसाट. मेढीवर चढली, भोकात शिरली आणि तोंडात एक गुलाबी जीव धरून उलटी खाली आली. बेटात गेली. मनस्वीने आईचा हात इतका घट्ट धरला होता की मालूच्या बांगड्या रुतल्या. ती पुन्हा आली. दुसरं नेलं. मग तिसरं. आता तिला वाट माहीत झाली होती, थांबतही नव्हती.

चौथ्यांदा ती भोकात शिरली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तोंड रिकामं होतं. भोकाच्या कडेवर बसून तिने एकदा मागे वळून आत डोकं घातलं, पुन्हा बाहेर काढलं, आणि खाली उतरली. जाताना घाई केली नाही. बेटात गेली ती गेली.

मनस्वी मेढीपाशी गेली आणि मोबाइलचा उजेड आत धरला. सगळ्यात बारकं पिल्लू गवतात पालथं पडलं होतं. तिने फुंकर घातली. ते हललं नाही.

मालू तिच्या खांद्यावरून बघत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मेढीत मेलेला जीव. भटजींना कळलं तर मेढ उपटा म्हणतील, शांती करा म्हणतील, मुलीकडचे उठून जातील, आणि नाही गेले तरी जन्मभर काही झालं की आजच्या दिवसाकडे बोट दाखवतील. आणि काढायचं म्हटलं तर पेर फोडायला हवं.

“काढूया का?” मनस्वीने विचारलं. “आई, तू म्हणशील तसं.”

मालूने चोहीकडे बघितलं. रेघांपलीकडे माणसं खोळंबली होती. “ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “लगीन होईस्तोवर ऱ्हाऊ दे त्याला हितंच. कोनाला बोलायचं नाय. काय व्हायाचा तो दोष माझ्यावर.”

डीजे सुरू झाला आणि अंगण हादरायला लागलं. हळदीने माखलेल्या केतनला मित्रांनी खांद्यावरून आणून मेढीपुढे उभं केलं. त्याने हात जोडले. मग बहिणीकडे वळून, आवाजाच्या वर ओरडून विचारलं, “गेलं का गो बिऱ्हाड?”

“गेलं.”

“सगळी?”

मनस्वीची नजर भोकाकडे गेली.

“सगळी,” मालू म्हणाली. तिने ओली हळद मूठभर घेतली, भोकावर थापली आणि हात तसाच दाबून धरला. “आता पाया पड मुकाट्यानं.”

केतन वाकला. तो उठून परत नाचायला जाईपर्यंत मालूने हात काढला नाही.