तन्वीचे बिनआवाजी बोल

चैत्रातल्या दुपारी कॉलनीच्या भिंतीपलीकडच्या केळीच्या बागेत फाटकी पानं एकमेकांवर घासत सळसळत राहतात, आणि त्या आवाजाच्या दिशेने मान किंचित कलती करून शेजारची तन्वी माझ्या उंबऱ्यावर उभी असते. उन्हात तिचे भुरे केस उजळतात. डोळे टपोरे, सतत काहीतरी विचारणारे. पण चार वर्षांची व्हायला आली तरी त्या विचारण्याला शब्द नाही. पाणी हवं असलं की माझा पदर धरून ती मला माठाकडे ओढते. चिमणी दिसली की बोट दाखवते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मी "चिमणी" म्हणते. ती तशीच बघत राहते.

तिचे वडील कागदाच्या मिलमध्ये, पाळी बहुतेक रात्रीची. दिवसा ते झोपतात, आणि सारं घर त्यांच्या झोपेभोवती पाय न वाजवता वावरतं. तेही मी समजू शकते. रात्रभर यंत्रापुढे उभं राहिलेल्या देहाला झोप हवीच. पण उठल्यावरही ते चहाचा कप घेऊन मोबाइलमध्ये डोकं घालतात, आई तिच्या मोबाइलमध्ये, आणि तन्वीच्या हातात तिसरा, जुना, आवाज पूर्ण बंद केलेला. किती शहाणी पोर, घरात मूल आहे हे कळतसुद्धा नाही, असं कॉलनी म्हणते. त्या कौतुकाची मला मनस्वी चीड येते.

परवा तिला घरी पोचवायला गेले, तेव्हा तिच्या आईला म्हटलंच, "अगं, दोन घटका बोलत जा तिच्याशी. जूनमध्ये शाळेत घालायचीय ना?"

"काय बोलू काकू, ती कुठं जवाब देते?" पडद्यावरून बोट न काढता ती म्हणाली. "बोलेल ना, एखाद्याला टाइम लागतो. आन् परेशान तर बिलकुल करत नाही."

काय बोलू म्हणे! पोटच्या पोरीशी काय बोलावं, हे मी हिला शिकवायचं?

तेवढ्यात तन्वी माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि ओठ हलवू लागली. भुवया उंचावून, हात नाचवून, मध्येच हसून, ती मला काहीतरी सविस्तर सांगत होती, आणि आवाज एवढासाही नव्हता. पडद्यावरची माणसं तिच्यापुढे अशीच बोलतात. बोलणं म्हणजे हेच, असं ती शिकली होती, आणि मन लावून शिकली होती.

"बघा, बोलते ना!" आई हसली आणि पुन्हा मोबाइलकडे वळली.

मी हात टेकले. रोज दुपारी तिला मांडीवर घेऊन मी माठाचं, केळीचं, कावळ्याचं नाव सांगत बसते. एखादा कच्चा सूर तिच्या घशातून निसटतो आणि ती स्वतःच दचकते. पण शेजारणीची एक दुपार किती पुरणार?

उद्या कदाचित ती बोलेलही. पण बालपण आपल्यापाशी उरतं ते कुणीतरी आपल्याशी बोललेल्या शब्दांच्या आधाराने. मोठेपणी तिने ही वर्षं शोधली, तर आई-बाप दोघंही तेव्हा घरातच होते, हे तिला कशावरून आठवणार?