गिलख्रिस्टसाहेबांचा परिचय

निवृत्त झाल्यावर मी सत्कारमूर्तींचे परिचय लिहून देऊ लागलो. माणसाने आयुष्यात जे केलं ते परिचयात लिहायचं, जे जमलं नाही ते गाळायचं. गंगापूर रोडवरच्या सभागृहात माझे वर्षाला तीसेक परिचय वाचले जात. तक्रार कधी आली नाही. उलट आपण एवढे थोर आहोत हे सत्कारमूर्तींना तिथेच कळे.

२००१च्या डिसेंबरात सुनील गांगुर्डे एक फॅक्स घेऊन आला. हेमिश गिलख्रिस्ट, वय त्रेसष्ट, स्कॉटलंडच्या पार्लमेंटचे सभासद. मतदारसंघ उत्तरेकडचा, बेटांचा. तिथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. जन्म मात्र इगतपुरीचा. वडील रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये फोरमन होते. सुनीलचे आजोबा त्याच शेडमध्ये फायरमन, त्यामुळे सुनीलचे वडील हिरामणदादा लहानपणी या साहेबांबरोबर विटीदांडू खेळलेले. साहेब जन्मगाव बघायला येत होते. सुनीलने त्यांना नाशिकला सत्कारासाठी अडवलं होतं.

कारण उघड होतं. फेब्रुवारीत महापालिकेची निवडणूक होती. सुनील ब्याण्णवला पडला, सत्त्याण्णवला पडला. पक्षाचे शहराध्यक्ष चिमाजीअण्णा तिसऱ्यांदा तिकीट द्यायला तयार नव्हते. शेजारी गोरा पाहुणा बसवला की अण्णा विरघळतील, असा सुनीलचा अंदाज होता.

फॅक्समध्ये साहेबांनी आपली कारकीर्द कळवली होती. १९७९, पराभूत. १९८३, पराभूत. १९८७, १९९२, १९९७, पराभूत. १९९९, विजयी.

"काका, पराभव लिहू नका," सुनील म्हणाला.

"पाचही?"

"एकही नको. पराभव शब्द ऐकला की अण्णांना माझी आठवण येते."

मी लिहिलं, 'सन १९७९पासून सहा निवडणुका लढवून त्यांनी जनतेच्या हृदयात अढळ स्थान मिळवले.' यात खोटं एक अक्षर नव्हतं.

चूक दुसरीकडेच झाली. साहेबांशेजारी सुनीलची मेव्हणी पल्लवी बसली होती. ती कॉलेजात इंग्रजी शिकवते. परिचयाचं प्रत्येक वाक्य तिने साहेबांना समजावून सांगितलं. आमच्याकडे सत्कारमूर्तीने परिचय समजून घ्यायचा नसतो, मान खाली घालून लाजायचं असतं. हे तिला सांगायचं राहिलं.

शाल, श्रीफळ, फेटा झाला. फेटा सावरत साहेब उभे राहिले.

"परिचय छान होता. पण त्यात माझे पाच पराभव राहून गेले."

मग त्यांनी पाचही सांगितले, आकड्यांसकट. पहिल्यांदा नऊ हजारांनी, तिसऱ्यांदा चार हजारांनी. मधल्या काळात शाळेच्या वेळेला बोट सुटावी म्हणून सात वर्षं अर्ज केले आणि ती सोडवून घेतली, तीही पडलेलेच असताना. पल्लवीने सगळं मराठीत सांगितलं. मास्तरीण असल्याने काही गाळलं नाही.

अण्णांनी सुनीलकडे पाहिलं. सुनीलने श्रीफळाकडे पाहिलं.

"त्यांना विचार," अण्णा पल्लवीला म्हणाले, "पाचदा पडल्यावर सहाव्यांदा तिकीट दिलं कुणी?"

"गावातल्या पक्षाच्या सभासदांनी. चर्चच्या हॉलमध्ये त्रेचाळीस जण होते. हात वर करून ठरवलं."

"आणि अध्यक्ष?"

"अध्यक्ष हात मोजत होते."

मागच्या रांगेतून हिरामणदादा उठले. "मंग हितंच घ्या ना हात. मान्सं हायेतच."

लोक सत्काराला आले होते, बटाटेवडा अजून मिळायचा होता. तरी एकेक हात वर गेला. साहेबांनी सवयीने मोजले. एक्केचाळीस भरले. पल्लवीने आकडा मोठ्याने सांगितला.

"कळवतो," अण्णा म्हणाले आणि वडा न खाता गेले.

अण्णांच्या 'कळवतो'चा अर्थ साऱ्या शहराला ठाऊक आहे. तिकीट त्यांच्या पुतणीला, संजनाला मिळालं. सुनील अपक्ष उभा राहिला आणि तीनशे बारा मतांनी पडला. तसं साहेबांना पाठवायचं इंग्रजी पत्र मी सुनीलला लिहून दिलं. महिन्याभरात उत्तर आलं. 'तिसऱ्या वेळी मी चार हजारांनी पडलो होतो. तुम्ही माझ्या बरेच पुढे आहात.'

२००३च्या मे महिन्यात आणखी एक फॅक्स आला. साहेब पुन्हा पडले होते. बोट अजून शाळेच्या वेळेलाच सुटते, असंही खाली लिहिलं होतं.

सुनीलने तो फॅक्स दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

"काका, माझा परिचय लिहा. २००७साठी."

"नेहमीसारखा?"

"नाही. तिन्ही पराभव घाला. ब्याण्णवला दोन हजार, सत्त्याण्णवला अकराशे, मग तीनशे बारा. ह्याच क्रमाने."

"आणि अण्णा?"

"त्यांना एक प्रत पाठवा. तिकीट मागायला नाही. नुसतं कळवायला."