शनिवारच्या गाडीतला टोपलीवाला

प्रागहून आमच्या रानाकडे जाणारी दोन डब्यांची गाडी फक्त शनिवार-रविवारी आणि सणासुदीला धावते. तिच्यात बसणारे सगळे एकमेकांना ओळखतात, पण ऑगस्ट लागला की कोणी कोणाशी खरं बोलत नाही. अळंबीचे दिवस ते. माझी अळंबीची गुप्त जागा ओल्शिंकाच्या थांब्यापासून वीस मिनिटांवर, ओढ्यापलीकडे. नवऱ्यानं मरताना घराची कागदपत्रं कुठे आहेत ते सांगितलं नाही, ती जागा मात्र माझ्याकडून दोनदा वदवून घेतली.

त्या ऑगस्टात एक नवा म्हातारा समोर येऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर टोपली, तिच्यावर घट्ट बांधलेलं फडकं. ओल्शिंकाला तो माझ्यामागोमाग उतरला. तिथे अकरा वर्षं मी एकटीच उतरत आले होते.

"अळंबीला का?" मी विचारलं.

"छे हो. असंच जरा."

असंच जरा! त्याला चुकवायला मी तासभर उलट्या वाटेनं भटकले. पुढच्या शनिवारी पुन्हा तोच. तिकीट तपासनीस मिरेकला मी हळूच विचारलं, "हा कोण रे?"

"तिकीट असतं त्यांच्याकडे, ब्लांकाबाई. त्यापुढे मी विचारत नाही."

त्या दिवशी माझ्या जागेवर सुरीनं कापलेले देठ दिसले. अगदी ताजे. माझं डोकंच फिरलं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी गाडीतून उतरल्यावर तो अदबीनं म्हणाला, "बाई, आजपासून वेळा बदलल्यात म्हणे. वाचायचा चष्मा घरी राहिला. परतीची गाडी कधी येते?"

"आता ती इथे थांबतच नाही," मी म्हणाले. "पुढच्या स्टेशनला, झालेसीला जावं लागेल. सहा किलोमीटर."

त्यानं टोपी काढून आभार मानले.

संध्याकाळी थांब्यावर मी हात दाखवला, गाडी थांबली, मी चढले. थोडं पुढे गेल्यावर रुळांशेजारच्या रस्त्यानं तो लंगडत चाललेला दिसला. आवाज ऐकून तो वळला, हात वर केला. मध्येच गाडी कोण थांबवतो? मी मान खाली घालून टोपलीतली अळंबी साफ करत बसले. मनात म्हटलं, बरी अद्दल घडली.

पुढचे दोन शनिवार तो आला नाही. माझ्या जागेवर मात्र देठ तसेच कापलेले. म्हणजे कापणारा तो नव्हताच.

"ते म्हातारे दिसत नाहीत?" पुढच्या फेरीला मी मिरेकला विचारलं.

"ओल्द्रिखकाका? गुडघा सुजलाय त्यांचा. मुलगी भांडायला आली होती आमच्याशी. काकांची बायको ओल्शिंकाच्या वृद्धाश्रमात, अर्धं अंग गेलेलं. तिचे धुतलेले कपडे घेऊन जायचे बिचारे. कुण्या नतद्रष्टानं सांगितलं, गाडी थांबत नाही."

त्या दिवशी ओढ्याकडे गेलेच नाही.

सप्टेंबरअखेर, संत वाक्लावच्या सणाच्या सुट्टीला ओल्द्रिख काठी टेकत आले. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी टोपलीवरच्या फडक्याची गाठ आवळली.

"अळंबीसाठी?"

"हो."

"मला ती पचतसुद्धा नाहीत." मग ते म्हणाले, "त्या दिवशी खिडकीत मी तुम्हाला ओळखलं होतं. वाटलं, या सांगतील ड्रायव्हरला."

मला मान वर करवेना. ओल्शिंकाला उतरताना मी त्यांच्या टोपलीला हात घातला. "द्या, मी घेते. तुमचा पाय..."

त्यांनी टोपली जवळ ओढली. "राहू द्या."

ते वृद्धाश्रमाच्या चढाला लागले. पडतील-बिडतील म्हणून मी दहा पावलं मागे राहून चालत होते. ते थांबले, वळले.

"काय पाहिजे तुम्हाला?"

"काही नाही. असंच."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जागीच थिजले. ते पुढे निघाले, मी मागे येत नाही ना, याची वळणापर्यंत दोनदा मागे वळून खात्री करून घेतली. हल्ली ते दुसऱ्या डब्यात बसतात. मिरेकला विचारते, गुडघा कसा आहे. तो सांगतो.