सदोष हाताळणी

"वाचून झालं असेल तर सही करा, बाई."

खोलीत तिसरं माणूस नव्हतं. तरीही सख्ख्या बहिणीचा मुलगा तिला बाई म्हणाला. चारचौघांत ठीक आहे, पण बंद दाराआडही? मावशीनं चष्मा पुसला आणि अहवालातली ती ओळ पुन्हा वाचली. 'कार्यक्षमतेतील घट तंत्रज्ञाच्या सदोष हाताळणीमुळे.' म्हणजे तिच्यामुळे. या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काचेवर थर चढवणारी तंत्रज्ञ दुसरी होती कोण?

"ही अक्कल कुणाची?"

"अक्कल कशाला लागते? कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेशनमध्ये हा सोलर सेल उन्हातून चोवीस टक्के वीज देतो. तुम्ही बनवलेला देतो नऊ. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही."

"तो नाही बोलत. त्याला आकडे भरवणारा बोलतो."

भाच्याचे कान लाल झाले. शिसं विषारी, म्हणून थरात त्याच्याऐवजी कथिल घ्यायचं, हे त्यानंच ठरवलेलं. मावशीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाबा रे, कथिलाला हवा सोसत नाही, बंद पेटीत कितीही जपलं तरी थरात दोष राहणारच. तेव्हा हा हसला होता. दहावी शिकलेल्या मावशीनं पीएचडी करणाऱ्याला शिकवायचं म्हणजे लहान तोंडी मोठा घास!

"थरातल्या दोषांचा आकडा किती टाकलायस?"

त्यानं पडदा आपल्याकडे वळवला.

"शून्य ना? मेल्या, शून्य दोष तर तुझ्या आईला तुझ्यातसुद्धा दिसत नाहीत!" तिनं आपली वही त्याच्यापुढे आपटली. "परवा मोजलेत. हा घे खरा आकडा. टाक."

"वेळ नाही. उद्या परीक्षक येतायत."

"टाक म्हणते ना!"

तिचा आवाजच असा चढला, की कीबोर्डवर त्याची बोटं आपसूक चालली. पडद्यावरची रेघ वर चढली आणि मध्येच खचली. नऊ पूर्णांक दोन.

दोघांनीही तो आकडा पाहिला. मावशीचा जीव भांड्यात पडला. आता पोरगा ओशाळेल, ती ओळ खोडेल, मावशी चुकलो म्हणेल, असं तिला वाटलं. खुळी कुठली! कॉम्प्युटरनं विचारलं, जतन करायचं का? भाच्यानं 'नाही' दाबलं.

"सही करा."

"अरे, आत्ता तुझ्या डोळ्यांनी बघितलंस की!"

"चार वर्षं घातलीत मी यात! शून्य टाकलं होतं म्हणून सांगू परीक्षकांना? पदवी बुडेल माझी. तुमचं काय जातंय? दोन वर्षांनी निवृत्तच व्हायचंय. एका ओळीनं कोणी फासावर देत नाही."

"माझा हात जातोय," मावशी म्हणाली. "त्याच्याशिवाय आहे काय रे माझ्याकडे?"

त्यानं नुसतं पेन पुढे केलं. तिनं ते घेतलं, त्या ओळीसमोर 'खोटं' असं ठसठशीत लिहिलं आणि खाली सही ठोकली.

भाच्यानं कागद हिसकावला, चुरगाळला. "दुष्ट आहेस तू! आई म्हणते ते काही खोटं नाही."

"म्हणत असेल. मग ही ओळही वाचून दाखव तिला. सांग, ती तूच लिहिलीस म्हणून."

त्यानं कॉम्प्युटरवर दोन कळा दाबून दुसरी प्रत छापून काढली. तिच्यात ती ओळ जशीच्या तशी होती, फक्त तंत्रज्ञाच्या सहीची जागा गायब होती. फाईल काखेत मारून तो चालता झाला.

काम तर पडलं होतंच. पेटीत चार काचा थराविना होत्या. मावशीनं पेटीच्या हातमोज्यांत हात घातले, द्रावणाची नळी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. बोटं थरथरत होती. असं आजवर कधी झालं नव्हतं. मग हात पेटीतच ठेवून, ते स्थिर व्हायची वाट बघत ती उभी राहिली.